चार बोटं बुटका पडदा

६ जानेवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी जरा हात राखून. तू ज्या धंद्यात आहेस त्या धंद्यावर माझा सध्या भयंकर राग आहे आणि त्या धंद्यातलं माझ्या ओळखीचं माणूस तू एकटीच. तेव्हा आत्याचं ऐकून घे.

माझा लॅपटॉप शेवटच्या घटका मोजतोय. पडद्याच्या कडेला हिरवी रेघ होती ती सरकत सरकत पार मधोमध येऊन बसली आहे. लावला की आधी थरथरतो, मग थंडी भरल्यासारखा गप्प होतो, मग पाठीवर थोपटलं की चालू. दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, आता याला निवृत्त करा." आजी म्हणे! स्वतःच्या कानावरचे केस पांढरे झालेत ते दिसत नाहीत मेल्याला.

म्हणून दुकानात गेले. जिकडे बघावं तिकडे पसरट पडदे, दारातल्या पायपुसण्यासारखे. मी म्हटलं, उभट पडद्याचा दाखवा, माझ्याकडे आहे तसा, जवळजवळ चौकोनी. तर पोरगी म्हणाली, "यावर सिनेमा काय मस्त दिसतो, बघाच!" अगं, मी सिनेमा बघायला बसत नाही, प्रुफं तपासायला बसते. तिला म्हटलं, पुस्तकाचं एक पान उघडून दाखव. उघडलं तिने. डोक्यापासून कमरेपर्यंत दिसलं, पुढचं बघायचं तर सरकवा. आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा एवढी, की पाहुण्यांच्या गाद्या घालाव्यात.

माझं काम कसं चालतं हे तुला माहीत आहे, तरी विसरली असशील म्हणून सांगते. लेखक लोक अजून हाताने लिहितात, निदान माझ्या वाट्याला येणारे तरी. छापखाना ते छपाईच्या अक्षरांत जुळवून मला पाठवतो. वरच्या मजल्यावरचे निवेदक रोज सकाळी खाली येतात. रेडिओवर बातम्या द्यायचे ना, तेच. टेबलापलीकडे बसून ते हस्तलिखित मोठ्याने वाचतात, अलीकडे मी पडद्यावर पान बघत जाते. चूक दिसली की मी टेबलावर टिचकी मारते, ते थांबतात. दुरुस्ती झाली की पुन्हा टिचकी, ते पुढे निघतात. पान संपलं की चहाचा घोट. इतक्या वर्षांत त्यांचं मला जे काही दर्शन घडलं ते म्हणजे पडद्याच्या वर चकाकणारं टक्कल. पण आवाज! सध्या मधमाश्या पाळण्यावरचं एक जाडजूड पुस्तक चालू आहे. परवा त्यांनी "राणीमाशी पोळं सोडून गेली" असं वाचलं, तर मला वाटलं सरकार पडलं.

तर पान अख्खं दिसायला हवं. अर्ध्यावर सरकवत बसले तर त्यांची लय तुटेल आणि माझी नजर. तू पडद्यांच्या खात्यात आहेस म्हणतेस, मग दे शोधून एक उभट. तेवढंही जमत नसेल तर एवढं शिकवून तुझ्या बापाने काय मिळवलं, असं मी त्याला विचारणार आहे.

तुझी,
आत्या

ता. क. मागच्या पत्रातल्या तुझ्या चुका लाल शाईने दुरुस्त करून सोबत पाठवते आहे. फार नाहीत. कागद मात्र लालच दिसतोय.


१८ जानेवारी

आत्याबाई,

लालभडक पत्र मिळालं. ऑफिसातल्या शेजारणीला वाटलं मला कुणी धमकी दिली आहे. मी म्हटलं, तसंच काहीसं आहे.

आता शांतपणे ऐक. उभट पडदे गेले. आमच्या कंपनीत त्याचं एकच मॉडेल उरलं होतं, परवाच्या बैठकीत तेही बंद करायचं ठरलं. मी तुझी बाजू घेतली बरं का! उभी राहून म्हणाले, ज्यांना पान वाचायचं असतं त्यांनी काय करायचं? साहेब म्हणाले, "सरकवायचं." सगळे हसले. मी खाली बसले.

कारण विचारशील तर सांगते. काचेचे मोठाले ताव बनतात, पलंगपोसापेक्षा मोठे. त्यातून पडदे कापायचे, शिंपी कापड बेततो तसे. टीव्ही आडवे झाले, तशी सगळी बेतणी आडव्या तुकड्यांची झाली. त्यात कुणी उभट मागितला की कडेला नुसत्या चिंध्या उरतात. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, टीव्हीचा जो आकार तोच लॅपटॉपचा, आणि लोकांना सांगितलं की हे तुमच्याच सोयीसाठी आहे. आणखी एक गंमत म्हणजे पडदा मोजतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तेवढ्याच मापात पसरट पडद्यात काच कमी बसते, पण पेटीवर आकडा तोच. तुला राग येणार हे माहीत आहे, म्हणून हळूच सांगितलं.

पण मी तुझी भाची आहे, हात हलवत परत येणारी नव्हे. तुझा प्रश्न मी मुळापासून सोडवला आहे. बाजूंच्या त्या मोकळ्या जागेत तू पाहुण्यांच्या गाद्या घालणार होतीस ना? तिथे दुसरं पान घाल! हस्तलिखिताचे फोटो काढायचे, ते डावीकडे. जुळवलेलं पान उजवीकडे. दोन्ही शेजारीशेजारी. नजर इकडून तिकडे, की झालं काम. मोठ्याने वाचायची गरज नाही, टिचकी नाही, कुणाची वाट बघणं नाही. पसरट पडदा यासाठीच तर चांगला असतो.

नवा लॅपटॉप आजच रवाना केला आहे, माझ्याकडून भेट. सगळं आत भरून दिलंय, झाकण उघडलं की काम सुरू. आणि निवेदककाकांनाही मी फोन केला. म्हटलं, काका, इतकी वर्षं तुम्ही आत्याला मदत केलीत, घसा झिजवलात, फार उपकार झाले. आता तुम्ही सुटलात, सकाळी निवांत झोपा! फार गोड बोलले. म्हणाले, "कळवल्याबद्दल आभारी आहे."

आता माझी पाठ थोपट. या पत्रात चूक सापडली तर ती शाईची.

तुझी,
भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरी,

लॅपटॉप पोचला. छान आहे. उघडला नाही अजून.

उघडला नाही कारण तो टेबलावर मावत नाही. म्हणजे मावतो, पण मग बशी ठेवायला जागा उरत नाही. आणि चकाकतो फार, स्वतःचंच तोंड दिसत राहतं. आणि फोटो काढून वाचायचं म्हणजे अक्षराचा वास येत नाही. हसू नकोस. हस्तलिखिताला वास असतो, त्यावरून लेखक कुठे अडला होता ते कळतं. शिवाय हे मधमाश्यांचं पुस्तक लिहिणारा माणूस डॉक्टर आहे आणि अक्षरही डॉक्टरचंच. शेजारीशेजारी ठेव नाहीतर एकावर एक ठेव, ते मला लागत नाही. ते लागतं फक्त निवेदकांना.

निवेदक हल्ली येत नाहीत. तुझा फोन त्यांना आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच. जिन्यात भेटले तर म्हणाले, "आता आपली गैरसोय होणार नाही." माझी कसली गैरसोय? मी विचारणार तेवढ्यात ते वर निघूनही गेले. थंडी बाधली असेल. किंवा तू म्हणालीस तसे सुटले असतील बिचारे. मला कधी वाटलंच नाही की त्यांना ते ओझं होतं. चहा तर दोन कप पीत होते.

जुना लॅपटॉप सोमवारी बंद पडला तो पडलाच. थोपटला, हलवला, चार शिव्याही दिल्या. गेलाच तो. प्रकाशक महिनाअखेर पुस्तक मागतोय. मी सध्या पानं कागदावर छापून घेते, एक ओळ हस्तलिखितातली मोठ्याने वाचते, मग छापलेली बघते, मग पुन्हा हस्तलिखित. माझीच टिचकी आणि मीच थांबते. काल "मध" च्या जागी "मद" सुटलं असतं, आणि पुस्तकभर लोक मद गोळा करत हिंडले असते. यापूर्वी माझ्या हातून असं कधी सुटलं नव्हतं.

तू उभट पडद्याचं बघ. एवढंच हवं आहे मला. तो मिळाला की सगळं पूर्वीसारखं होईल.

आत्या

ता. क. तुझ्या पत्रात या वेळी एकही चूक नव्हती. मला तपासायला मन नव्हतं, असंही असेल.


१६ फेब्रुवारी

माननीय महोदया,

मी आपल्या आत्याबाईंच्या वरच्या मजल्यावर राहतो. आपण मागील महिन्यात दूरध्वनी करून माझ्या सेवेबद्दल आभार मानलेत, ते पोचले. सेवा हा शब्द आपला आहे. मी त्या कामाला सेवा कधी समजलो नव्हतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बाईंना नवीन पसरट पडदा मानवत नाही असं दिसतं. माझी बैठकीची खोली त्यांच्या खोलीच्या बरोबर वर आहे आणि खिडक्या उघड्या असतात. सकाळी त्या स्वतःच वाचतात आणि स्वतःच थांबतात. काल "पोळ्यातील चौकट" हा शब्द त्यांनी "पोळ्यातील चौकशी" असा वाचला आणि पुढे गेल्या. मी वरून ओरडणार होतो, परंतु ते शिष्टाचाराला धरून झालं नसतं.

आपण ज्या कंपनीत आहात तिथे जुन्या पद्धतीचा उभट पडदा एखादा शिल्लक असल्यास तो त्यांना मिळावा, अशी विनंती आहे. तो आला की पुन्हा वाचणारा माणूस लागेल, असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकू शकतो. मी आयुष्यभर बातम्यांनंतर हवामानाचा अंदाजही वाचला आहे.

घरी मला बोलायला कुणी नाही, हे कारण नाही. पत्नी गेल्यापासून त्याची सवय आहे. परंतु सकाळी उठून दाढी करायला काही निमित्त असावं, एवढंच. गेले काही दिवस मी दाढी केलेली नाही.

हे पत्र बाईंना कळू नये.

आपला,
वरच्या मजल्यावरील रहिवासी


२४ फेब्रुवारी

काका,

मी गाढव आहे. पत्र इथेच संपवलं तरी चाललं असतं, पण पुढचंही वाचा.

आत्याने तुम्हाला नको म्हटलेलं नाही. तिला त्या फोनचं आधी काही माहीतच नव्हतं. तो माझा आगाऊपणा होता, सगळा माझा. मला वाटलं मी पडद्याचा प्रश्न सोडवतेय. मला उंची, रुंदी आणि काचेचे ताव कळतात हो, माणसं कळायला जरा वेळ लागतो. आमच्या खात्यात सगळ्यांचंच तसं आहे.

ती म्हणते लॅपटॉप टेबलावर मावत नाही. काका, त्या टेबलावर आम्ही लहानपणी चौघं मुलं झोपायचो! ती म्हणते तो चकाकतो. ती म्हणते अक्षराला वास असतो. एवढी सगळी कारणं सांगून झाल्यावर मग हळूच लिहिते, निवेदक येत नाहीत. आणि मी बावळट, कारणंच वाचत बसले.

तेव्हा दाढी करा आणि खाली जा. उभट पडद्याची वाट बघू नका, तो मिळेल तेव्हा मिळेल. दार वाजवा आणि सांगा, भाचीने घोळ घातला. मला शिव्या घालायचं निमित्त मिळालं की तुमचं दोघांचं बोलणं आपोआप सुरू होईल, आमच्या घरात तेच चालतं. "पोळ्यातील चौकशी" चं तर आजच्या आज सांगा, नाहीतर छापून येईल.

तुमची,
भिंगरी (महोदया नको)


३ मार्च

आत्याबाई,

नाच! सापडला!

आमच्या तपासणीच्या खोलीत एक कपाट आहे, त्यात बंद झालेल्या मॉडेलांचा एकेक नग ठेवतात. त्यात तो होता, आमचा शेवटचा उभट, न वापरलेला, पडद्यावरचा कागदही काढलेला नाही. साहेबांच्या मागे लागून लागून मिळवला. आधी म्हणाले, तो आठवण म्हणून ठेवलाय. मी म्हटलं, साहेब, माझ्या आत्याकडे तो आठवण म्हणून राहणार नाही, रोज पान दाखवेल. मग बैठकीत हसल्याचं त्यांना आठवलं असावं, सही केली.

अख्खं पान दिसतं त्यावर, मी स्वतः उघडून पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. सोमवारी पाठवते. आता सगळं पूर्वीसारखं होईल असं तूच लिहिलं होतंस, तर होऊ दे.

एक विचारू? निवेदककाका आले का गं?

तुझी,
भिंगरी


१४ मार्च

लाडके भिंगरे,

तुला लाडके म्हणायचं नव्हतं. शिव्यांची तयारी करून बसले होते. पण हाताने लिहिलं गेलं आणि मी खोडत नाही, खाडाखोड दिसायला वाईट दिसते.

आले. तुझं पत्र त्यांना मिळालं त्याच सकाळी दार वाजलं. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात चष्म्याचं घर. दारातच उभे राहिले आणि तो त्यांचा रेडिओचा आवाज लावून म्हणाले, "काही तांत्रिक कारणांमुळे कार्यक्रमात व्यत्यय आला होता. श्रोत्यांची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत." मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "श्रोता एकच आहे. आत या, चहा निवतोय." मग बसल्या बसल्या त्यांनी फोनचं सगळं सांगितलं. तुझा उद्धार आम्ही दोघांनी मिळून केला, पोटभर. पहिला चहा त्यातच संपला.

आता कामाचं. जुना तर गेलेला, छापून घ्यायचे कागदही संपले होते. म्हणून तुझा तो पायपुसण्यासारखा लॅपटॉप उघडला एकदाचा. टेबलावर मावला. (खुश? बशीलाही जागा उरली.) फोटोबिटो काही काढले नाहीत. नेहमीसारखे ते पलीकडे बसले, मी अलीकडे. ते वाचायला लागले, मी बघायला लागले, आणि अर्ध्या पानाशी येऊन थांबलो. खालचं दिसेना. टिचकी मारली आणि पान सरकवायला लागले. मला त्यातलं काही जमत नाही, एकदा फार वर जातं, एकदा फार खाली. आता माझी लय तुटणार, म्हणून चिडून वर बघितलं.

भिंगरे, हा पडदा जुन्यापेक्षा चार बोटं बुटका आहे. त्याच्यावरून निवेदकांचा अख्खा चेहरा दिसतो. आणि ते माझ्याकडे बघत होते.

घाईने नव्हे, कंटाळून नव्हे. माणूस खिडकीतून बाहेर बघतो तसे, आरामात. मी म्हटलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "बाई, चूक सापडली की तुम्ही हसता, हे मला आज कळलं." मी म्हटलं, मी कुठे हसते? म्हणाले, "आत्ताच हसलात. चौकशीची चौकट केलीत तेव्हा." आणि तेही हसले. पुढचा एक दात वाकडा आहे त्यांचा. इतकी वर्षं रोज येणाऱ्या माणसाचा दात वाकडा आहे हे मला ठाऊक नव्हतं!

तेव्हापासून हे असंच चाललंय. प्रत्येक पानाला मध्ये थांबावं लागतं, मी सरकवते, तेवढ्यात ते मान वर करतात आणि काहीतरी बोलतात. त्यांच्या बायकोला मध आवडायचा नाही, हे त्यातच कळलं. माझं लग्न का राहिलं ते मीही सांगून टाकलं, पान एकशे काहीतरीच्या मध्यावर, तुझ्या बापालाही धड माहीत नाही ते. काम रेंगाळतं, खोटं कशाला सांगू. प्रकाशकाची महिनाअखेरची मुदत तर टळलीच, त्याला आणखी आठवडाभर थांब म्हणून कळवलं. तो कुरकुरला. कुरकुरू दे.

एका गोष्टीची मात्र चुटपुट लागून राहिली आहे. ते म्हणतात, मान वर करायची त्यांना पहिल्यापासून सवय आहे, मी टिचकी मारली की लगेच. म्हणजे त्या उभट पडद्याच्या मागे इतकी वर्षं ते मान वर करत होते आणि समोर बघत होते, आणि त्यांना दिसत होतं लॅपटॉपचं झाकण. आणि मी अलीकडे बसून अख्खं पान दिसतंय म्हणून खुश होते.

तुझ्या साहेबांना सांग, आभारी आहे, पण तो शेवटचा उभट तुमच्या कपाटातच राहू दे. त्यांची आठवण म्हणून ठेवायची कल्पना चांगली होती. सोमवारी पाठवला असलास तर परत पाठवीन, आणि टपालवाल्याशी भांडायची वेळ आणल्याबद्दल तुला वेगळं बघून घेईन.

आता पुरे. जिन्यात पावलं वाजताहेत आणि मला अजून चष्मा पुसायचा आहे.

तुझी,
आत्या